या धंद्यात खुळेच हवेत

ज्याला फक्त नफा-तोटा कळतो, त्याने झाडं हलवण्याचा धंदा काढू नये. हा धंदा खुळ्यांचा आहे. आपल्याकडच्या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, अशी चार-दोन खुळी पोरं दिसू लागली आहेत. कुणी कृषी पदविका घेऊन नर्सरीत उमेदवारी केलेलं, कुणी बागकामाची कंत्राटं घेता घेता इकडे वळलेलं, तर कुणी घरची क्रेन होती म्हणून यात पडलेलं. त्यांच्या खुळेपणाची स्तुती करायला मी हे लिहितो आहे आणि यातला शब्द न् शब्द मनापासूनचा आहे. ते खूळ त्यांच्या अंगातून गेलं, तर धंदा तेवढा राहील आणि झाडं मरतील.

आधी शेजारच्या धंद्याचा हिशेब बघा. रस्तारुंदीत किंवा प्लॉटवर मध्ये आलेलं झाड तोडायचं, तर परवानगी मालकाने आणायची. तोडणाऱ्याने सकाळी करवत घेऊन यायचं. संध्याकाळपर्यंत झाड आडवं, फांद्या छाटून ट्रॅक्टरमध्ये. मजुरी मिळते ती मिळतेच, वर लाकूड वखारीत जातं त्याचेही पैसे होतात. दुसऱ्या दिवशी त्या झाडाशी त्याचा काही संबंध उरत नाही. तेच झाड मुळांसकट उचलून दुसरीकडे जगवायचं म्हटलं की खर्च लांबतच जातो. खणणारी माणसं, गोणपाट, सुंभ, हायड्रा क्रेनची शिफ्ट, ट्रेलर, वाटेतल्या वीजतारांची व्यवस्था, नव्या जागी खड्डा, पोयटा, शेणखत आणि मग दोन-तीन वर्षं पाणी. विकायला लाकूड नाही. झाड जगलं तर लोक म्हणतात, ते जगणारच होतं. मेलं तर म्हणतात, यानेच मारलं. घरी वडील विचारतात, "अरे, लोक झाडं तोडून बंगले बांधतायत, तू झाडं उचलून काय बांधणार आहेस?" यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. तरी तो दुसऱ्या दिवशी साईटवर जातो.

आणि तिथे जाऊन पहिलं वाक्य काय बोलतो, तर, "सहा महिन्यांनी उचलू."

हातात आलेलं काम सहा महिने लांबवायचं, हे कुठल्या धंद्याच्या पुस्तकात बसतं? पण झाडाच्या पोटात शिरून बघितलं तर या वाक्यासारखं शहाणं वाक्य दुसरं नाही. खोडाजवळची जाडजूड मुळं दिसायला दणकट, पण पाणी पिण्याचं काम त्यांचं नाही. त्यांनी झाड धरून ठेवायचं आणि पाणी वाहून न्यायचं. पिणारी असतात ती टोकाची तंतुमुळं. ती जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे लांबवर पसरलेली असतात. एकदम खणून झाड उचललं की ही पिणारी मुळं जागेवरच राहतात आणि झाडाबरोबर येतात ते नुसते खुंट. वर पानं हजारो, सगळी पाणी मागणारी, आणि खाली पाणी पिणारं कुणी नाही. झाड तेव्हाच मेलेलं असतं. कळायला फक्त वेळ लागतो.

म्हणून खुळा माणूस आधी चर खणतो. खोडापासून हिशेबाने ठरवलेल्या अंतरावर गोल चर आखायचा, पण सगळा घेर एका दमात खणायचा नाही. आधी निम्मा घेर, तोही समोरासमोरच्या तुकड्यांत. मध्ये आलेली मुळं कुदळीने तोडायची नाहीत. कुदळीने मूळ फाटतं आणि फाटलेलं मूळ कुजतं. बारीक मुळं सिकेटरने, जाड मुळं करवतीने, सफाईने कापायची. मग चर पोयटा, वाळू आणि कुजलेल्या शेणखताने भरून ओलसर ठेवायचा. काही आठवडे गेले की त्या कापलेल्या टोकांजवळून पांढरी, केसासारखी नवी मुळं फुटू लागतात. तेव्हा उरलेल्या घेराला हात लावायचा. अशा रीतीने झाडाला आपली पिणारी मुळं खोडाच्या जवळ आणायला सवड दिली जाते, आणि ती सवड महिन्यांत मोजावी लागते. क्रेन लवकर आणून, माणसं वाढवून किंवा पैसे जास्त मोजून ती कमी होत नाही.

बिल्डरचा सुपरवायझर म्हणतो, "अहो दादा, पुढच्या आठवड्यात फुटिंगचं काम आहे, सहा महिने काय सांगताय?"

"मग मला बोलावू नका साहेब. ते झाड मरायचंच असेल तर माझ्या हातून नको."

काम गेलं. दुसरा येतो, जेसीबी लावतो, दुपारच्या जेवणाआधी झाड ट्रेलरवर चढवतो आणि बिल घेऊन जातो. व्यवहारात तो जिंकला, यात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच, की हरलेल्याला आपण ओळखलं पाहिजे. त्याच्या वहीत न मिळालेल्या कामांची यादी मिळालेल्या कामांपेक्षा मोठी असते, आणि त्याची लायकी मला त्या यादीतच दिसते.

हे खूळ आजचं नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. ग्रह, पाऊस, रत्नं, घरबांधणी यांच्या बरोबरीने त्याने त्यात वृक्षायुर्वेदाला वेगळा अध्याय दिला. त्यात झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असेल तर काय करावं, तेही आहे. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा आणि मग ते झाड हलवून लावावं, असं तो सांगतो. फांद्या न फुटलेली झाडं शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि मोठ्या खोडाची पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावीत, हा ऋतूंचा हिशेबही त्याने देऊन ठेवला आहे. दोन झाडांमधलं अंतर वीस हात असेल तर उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. तूप आणि मध खोडाला फासायला सांगणारा माणूस खर्चाचा विचार करत नव्हता हे उघड आहे. त्याच्या लेपातलं काय कामाचं आणि काय नाही, हा वेगळा विषय. पण उचललेल्या झाडाचं खोड उघडं ठेवू नये, त्यातलं पाणी उडू देऊ नये, हा विचार आजही तोच आहे. आज खोडाला ओलं गोणपाट गुंडाळतात, आणि मोठ्या खोडाची झाडं हलवायला आपल्याकडे आजही मृगाचीच वाट बघतात.

आता उचलायचा दिवस. हा दिवस एकदा तरी जवळ उभं राहून बघावा.

खोडाची जाडी छातीच्या उंचीला मोजायची आणि तिच्या दसपट रुंद हुंडी, म्हणजे मुळांसकट उचलायचा मातीचा गोळा, धरायची, हा ढोबळ नियम. म्हणजे खोड २० सेंटिमीटर जाडीचं असलं, तर मातीची हुंडी दोन मीटर रुंद. खोली तीन फुटांच्या आत-बाहेर. एवढ्या ओल्या मातीचं वजन साडेतीन-चार टन भरतं. वरचं झाड त्यामानाने हलकं. उचलायची असते ती जमीनच. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलेलं असतं, कारण कोरडी माती फुटते. खोडाच्या उत्तर बाजूला चुन्याची खूण करतात. नव्या जागी झाड त्याच दिशेने उभं करायचं, नाहीतर आजवर सावलीत राहिलेली साल एकदम पश्चिमेच्या उन्हात येते आणि भाजून तडकते. मग बाजूची माती काढत काढत हुंडी घडवत आणायची, खाली निमुळती. भोवती गोणपाट, त्यावर सुंभाचे आडवे-उभे-तिरपे फेर. दोघंजण समोरासमोर बसून सुंभ ओढतात आणि तिसरा लाकडी दांडक्याने सुंभावर ठोकत जातो, म्हणजे फेर मातीत रुततात आणि सैल पडत नाहीत. हे काम घाईचं नाही. हुंडी बाहेरून शाबूत दिसली आणि आत एक तडा गेला, तर महिनोन्महिने खपून वाढवलेली ती पांढरी मुळं आतल्या आत तुटतात आणि वरून काही कळत नाही.

याच वेळी क्रेनवाला घड्याळ बघत असतो. त्याची शिफ्ट संपत आलेली असते. तो म्हणतो, "खोडालाच पट्टा घाला ना भाऊ, दोन मिनिटांत उचलतो." खुळा म्हणतो, नाही, पट्टे हुंडीखालून जातील. खोडाला पट्टा घालून चार टन उचलले की पट्ट्याखालची साल सरकते आणि आतून सुटते. पानांत तयार झालेलं अन्न त्या सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल चारी बाजूंनी सुटली की मुळं उपाशी. म्हणून हुंडीखाली फळी सरकवायची, पट्टे घालायचे, तोल बघायचा, अर्धा फूट उचलून थांबायचं, पुन्हा बघायचं. शिफ्ट वाढते. वाढलेल्या शिफ्टचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, ते याच्याच खिशातून जातात. त्या अर्ध्या तासाच्या खुळासाठी मी त्याला हात जोडायला तयार आहे.

नव्या खड्ड्यातही एक खूळ चालतं. झाड पूर्वी जेवढं खोल होतं तेवढंच लावायचं. खोडावर जुन्या मातीचा ठसा असतो, तो वर दिसला पाहिजे. जास्त खोल गाडलं की झाड टेकू न देताही सरळ उभं राहतं, उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतं, आणि मुळांना हवा मिळत नाही. तीन बाजूंनी ताण देऊन, वर आच्छादन घालून, आळं करून झाड उभं करणं दिसायला बेंगरूळ असतं. गिऱ्हाईक विचारतं, "हे दोर किती दिवस राहणार?" तो सांगतो, "एखादं वर्ष तरी." गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं होतं.

इथून पुढे खरी परीक्षा. लावल्यावर तीन-चार आठवड्यांत खोडावर, छाटलेल्या फांद्यांच्या टोकांना पोपटी फुटवे येतात. सगळ्यांना आनंद होतो. झाड धरलं! पेपरात फोटो येतो, उरलेलं बिल निघतं, पाण्याचा टँकर बंद होतो. खुळा मात्र त्या फुटव्यांकडे बघून हुरळत नाही. खोडात आणि जाड मुळांत साठवलेलं जुनं अन्न असतं, त्या शिदोरीवर झाड पहिली पालवी काढतं. खाली नवी मुळं फुटलीच नसतील, तर ही पालवी साठा संपवते आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात झाड वाळतं. तेव्हा तिथे फोटोग्राफर नसतो. म्हणून हा माणूस हुंडीच्या कडेशी बोटाने माती उकरून पांढरं मूळ दिसतं का ते बघतो, नखाने फांदीची साल किंचित खरवडून आत हिरवं आहे की तपकिरी ते बघतो, आळ्यात पाणी साचून राहतंय की मुरतंय ते बघतो, बुंध्याला वाळवीची मातीची रेघ चढलीय का ते बघतो. थंड देशांतले जाणकार म्हणतात, खोडाच्या जाडीच्या दर इंचामागे एक वर्ष धरा, तेवढ्यात झाड पुरतं सावरतं. आपल्या उबदार हवेत मुळं लवकर वाढतात, पण म्हणून एका पावसाळ्यात काम होत नाही. आठ इंची खोडाचं झाड हलवणारा माणूस काही वर्षांची बांधिलकी घेत असतो, आणि बिल एकाच वर्षाचं लावतो.

ही बांधिलकी नसली तर काय होतं, ते दिल्लीने आकड्यांत दाखवून दिलं आहे. दिल्ली सरकारने २०२० मध्ये वृक्ष पुनर्रोपणाचं धोरण आणलं. प्रकल्पात बाधित होणाऱ्या झाडांपैकी किमान ८० टक्के हलवायची आणि वर्षानंतर हलवलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत असली पाहिजेत, अशी अट. कागदावर उत्तम. मग २०२२ मध्ये सरकारनेच उच्च न्यायालयात माहिती दिली, की आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली. तीनातलं एक. उरलेल्या जवळपास अकरा हजार झाडांवर पैसे खर्च झाले होते, क्रेन लागल्या होत्या, फोटोही निघाले असतील. कमी होती ती सहा महिने थांबणाऱ्या आणि नंतर काही वर्षं पाणी घालत राहणाऱ्या माणसांची. टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला जातं, आणि सगळ्यात कमी दर चर न खणणाऱ्याचाच असतो. चर खणायला पैसे लागतात.

आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणं त्यातूनच आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावून ती सात वर्षं सांभाळायची अट घातली. सात वर्षं! सांभाळण्याला महत्त्व आहे, हे निदान कायद्याने ओळखलं, याचा मला आनंद आहे. आता ती सात वर्षं प्रत्यक्ष घालणारा माणूस लागेल. त्याचा पगार, त्याचा टँकर, त्याची मोटारसायकल कुणाच्या तरी अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. हलवलेल्या झाडाच्या बिलाचा मोठा हिस्सा तिसऱ्या पावसाळ्यानंतर, झाड जागेवर बघूनच द्यावा, अशी अट टेंडरात घाला. मग दर वाढतील, हे मान्य. पण झाड मेल्यावर वाया गेलेला पैसा धरला, तर आजचाच दर जास्त आहे.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं खूळ अजून सांगायचं राहिलं. ते म्हणजे "हे झाड हलवू नका" असं सांगणं.

वड, पिंपळ, उंबर यांना खोडातून, फांद्यांतूनही मुळं फोडायची ताकद असते. त्यांना हलवणं जमतं. नारळासारख्या झाडांची मुळं झुपक्याने येतात, तीही सहसा धरतात. चाफ्याची तर फांदी लावली तरी चालते. पण खोल सोटमुळावर उभं असलेलं, मुरमात रुजलेलं, आतून पोकळ झालेलं किंवा वाढीचं वय संपलेलं झाड हलवायचं, तर ती फाशीची तारीख पुढे ढकलण्यासारखी गोष्ट असते. वजनाचा नियमही इथे आडवा येतो. खोड ६० सेंटिमीटर जाडीचं झालं, की दसपटीच्या हिशेबाने हुंडी सहा मीटरची होते आणि वजन ४० टनांच्या पुढे जातं. तेवढी हुंडी नेणारा रस्ता, पूल आणि गल्ली आपल्या गावात नसते. मग काय करतात? हुंडी लहान करतात, आणि लहान हुंडीला पेलवेना म्हणून वरच्या सगळ्या फांद्या उडवतात. ट्रेलरवर एक खांब निघतो. कागदावर त्याला पुनर्रोपण म्हणतात. पिंपळ ते एखाद वेळी सोसतो. आंब्याला, चिंचेला ते सोसेलच असं नाही.

अशा वेळी खुळा माणूस मालकाला सांगतो, "साहेब, पार्किंगचा नकाशा चार फूट सरकवता येईल का, आर्किटेक्टला विचारा ना. झाड तिथेच राहू दे." म्हणजे जे काम मिळालं तर त्याचं महिन्याचं भागलं असतं, ते तो आपल्याच तोंडाने घालवतो. वर नकाशा सरकवण्याच्या सल्ल्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात एक जुना, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड तुटणार होता. २०२० मध्ये गावकऱ्यांनी आणि वृक्षप्रेमींनी आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत बदल होऊन वड वाचला. पुढे तो वड पावसात कोसळला. तेव्हा "मग एवढं करून काय मिळालं" असं म्हणणारे भेटले. मला ते पटत नाही. महामार्गाची रेघसुद्धा एका झाडासाठी वळवता येते हे त्यातून सगळ्यांना दिसलं, आणि सोसायटीच्या पार्किंगची रेघ त्याहून नक्कीच हलकी आहे.

झाडं हलवण्यावर कुणाचं पोट वर्षभर भरत नाही. वर्षाचे बारा महिने चालतं ते झाडांच्या देखभालीचं काम, आणि तिथे तर गिऱ्हाइकाला गरजच वाटत नाही. मुंबईच्या २०१८ च्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली. एवढ्या झाडांच्या वाट्याला दरवर्षी काय येतं? पावसाळ्याआधीची छाटणी. ट्रक येतो, शिडी लागते, कोयते चालतात, एका बाजूच्या सगळ्या फांद्या उतरतात, कारण तारा त्या बाजूला आहेत. झाड एकांगी होतं आणि पहिल्या वादळात दुसऱ्या बाजूला कलंडतं. मग म्हणतात, झाड धोकादायक होतं.

फांदी कापणं ही अक्कल लागणारी गोष्ट आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी-आडवी चिरून बघितली. त्यांना दिसलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि त्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. हे भिंत घालायचं काम तिथूनच होतं, म्हणून काप त्या फुगवट्याच्या जरा बाहेर हवा. खोडाला लागून सपाट कापलं तर झाडाची भिंतच तोडली. हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जड फांदीला आधी खालून थोडा काप, मग पुढे सरकून वरून दुसरा, फांदी खाली पडल्यावर उरलेल्या खुंटाचा तिसरा. पहिला काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलत नेते. तीन काप मारणाऱ्याला एक काप मारणाऱ्याहून वेळ जास्त लागतो, आणि मजुरी फांदीवर ठरलेली असते. तरी तो तीन मारतो. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, खाली दोर धरणारा साथीदार. या तीन गोष्टींवर खर्च करणारा तर आपल्याकडे दुप्पट खुळा ठरतो, कारण शेजारचा गडी अनवाणी, तोंडात कोयता धरून चढतो आणि निम्म्या पैशात उतरतो. उतरला तर. या खर्चावर घासाघीस करणाऱ्या सोसायट्यांना लाज वाटली पाहिजे, हे मी स्पष्टच सांगतो.

बाकीची कामं साधी आहेत, आणि त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. खोडातले खिळे उपटणं हे त्यातलंच. पाट्या, बॅनर, दिव्यांच्या माळा आणि क्लासच्या जाहिराती झाडांना ठोकलेल्या असतात. पुण्यात २०१८ च्या सुमाराला स्वयंसेवकांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम हातात घेतली आणि ती इतर गावांत पोचली. दुसरं काम बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडण्याचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत आदेश दिला होता, की झाडाच्या भोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढून टाका. मग आपल्याकडच्या फुटपाथवर फिरून बघावं. पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटलेले, वर गिलावा केलेला कट्टा, कट्ट्याला रंग. पावसाचं पाणी मुळांपर्यंत जात नाही, हवा जात नाही, आणि खोड जाड होऊ लागलं की सिमेंटची कड सालीत घुसते. झाड आठ-दहा वर्षं निमूट सोसतं, शेंड्याकडून वाळत येतं, आणि मग परवानगीचा अर्ज जातो.

तुमच्या गावात असा कुणी धंदा काढून बसला असेल, दुकानाच्या पाटीवर झाडाचं चित्र, मागे शेडमध्ये गोणपाटाचे गठ्ठे आणि सुंभाची वेटोळी असतील, तर त्याला एकदम झाड हलवायचं काम देऊ नका. तुमच्या सोसायटीच्या दारातल्या झाडाभोवतीचं सिमेंट फोडायचं काम द्या. तो ब्रेकर मशीन आणणार नाही, त्याच्या हादऱ्याने मुळं दुखावतात. तो छिन्नी-हातोडा घेऊन बसेल आणि एका दिवसाऐवजी दोन दिवस लावेल. मुळं उघडी पडली की लगेच ओलं गोणपाट टाकेल, संध्याकाळी पोयटा आणि पालापाचोळा पसरून जाईल. बिल द्या, घासाघीस न करता. मग त्याला विचारा, कंपाउंडमधलं ते दुसरं झाड तारांना लागतंय, त्याचं काय करायचं? तो लगेच उत्तर देणार नाही, भोवती दोनदा फिरेल, खोडावर हात मारून पोकळ आवाज येतोय का ऐकेल, आणि बहुधा म्हणेल, "दोन फांद्या काढू, बाकी राहू दे." हे सगळं मे महिन्याच्या आत उरकून घ्या. जून लागला, की तो चरांमागे लागलेला असतो, फोन उचलत नाही.